कानसेन काकांचा काटा

मी एक जुना काटा आहे. घाबरू नका मित्रांनो, पायात रुततो तो मी नव्हे. एका फिरत्या वाचनालयाच्या मोटारीत, स्टिअरिंगच्या मागे, काचेच्या आत मी राहतो. इंजिन किती तापले आहे ते सांगणे, एवढेच माझे काम. डावीकडची पांढरी रेघ म्हणजे थंड, मध्यावर म्हणजे उत्तम, आणि उजवीकडची तांबडी रेघ म्हणजे ताबडतोब गाडी थांबवा. माझ्या शेजारी डिझेलचा काटा असतो. आम्ही दोघे एकाच दिवशी, एकाच टेबलावर जन्मलो, म्हणून मी त्याला जुळा भाऊ मानतो. तो मात्र स्वतःला थोरला समजतो, कारण गाडी सुरू झाली की लोक आधी त्याच्याकडे बघतात.

आमचा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलापाशी ओळीने बायका बसत. त्यांच्यातल्या एकीने धातूच्या एका पातळ पट्टीवर केसाहून बारीक तार गुंडाळली, आणि तीच माझी काया झाली. तारेतून वीज वाहिली की पट्टी कोमट होते, कोमट झाली की वाकते आणि ती वाकली की माझे टोक सरकते. म्हणजे मी स्वतः थोडा तापतो, तेव्हाच दुसऱ्याचा ताप सांगू शकतो. ती बाई दिवसाला शेकडो पट्ट्या गुंडाळत असेल, तरी माझी तार गुंडाळताना ती श्वास रोखून बसली होती. याचे मला आजही नवल वाटते.

पुढे मला या मोटारीत बसवले. गाडीच्या पाठीमागच्या भागात छतापर्यंत पुस्तकांच्या फळ्या, मधोमध दोन बाके आणि बाजूला दोन पायऱ्यांचे दार. डोंगरातल्या लहान लहान शाळांपुढे ही गाडी जाऊन उभी राहायची. पोरे पायऱ्या चढून आत यायची आणि पुस्तके छातीशी धरून उतरायची. वाटेत भेटलेली पोरे शाळेपर्यंत बाकांवर बसून यायची. फळ्यांची व्यवस्था ग्रंथपालबाई पाहत. गाडी चालवायचे ते कानसेन काका.

खरे नाव काहीतरी वेगळे होते, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला आठवत असेल. काकांचा कान म्हणजे चमत्कार होता मित्रांनो! फाटकातून गाडी आत शिरली की ते न बघता ती कुणाची ते सांगत. एकदा घाट चढताना पुस्तके खडखडत होती, पोरे गात होती, बाई कुणालातरी रागवत होत्या, आणि काकांनी गाडी बाजूला घेतली. "पंख्याचा पट्टा सैल व्हायला लागलाय," ते म्हणाले. संध्याकाळी गॅरेजात मिस्त्रीने उघडून पाहिले तर पट्टा खरोखर बोटभर सैल होता. मी तेव्हा मध्यावर निवांत होतो, मला पत्ताच नव्हता. मला बोटे असती तर मी ती तोंडात घातली असती.

असा कान असल्यावर माझ्याकडे कोण बघणार? माझ्या काचेपुढच्या खाचेत ग्रंथपालबाईंच्या गुलाबी चिठ्ठ्या खोचलेल्या असायच्या. कुणी पुस्तक परत केले नाही, कुणाला प्राण्यांचे पुस्तक हवे आहे, असले सगळे त्यांवर लिहिलेले. वर्षानुवर्षे मी चिठ्ठ्यांच्या पाठी बघत काम केले. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटायचे. पण काकांचा रागही येत नसे, कारण त्यांच्याइतके इंजिन मलाही कळत नव्हते.

मग एका सकाळी काकांनी त्या चिठ्ठ्या उपसून काढल्या. खिशातला रुमाल काढून त्यांनी माझी काच पुसली, आधी कोरडी आणि मग तोंडाची वाफ धरून. त्या दिवसापासून ते माझ्याकडे सारखे बघू लागले. सरळ रस्त्यावर, वळणावर, चढावर, उतारावरसुद्धा! मी भलताच भाव खाऊ लागलो. शेजारच्या भावाकडे तर मी आठवडाभर पाहिलेही नाही.

असे बघता बघता जवळजवळ तीन वर्षे गेली आणि काकांनी एक छोटा दिवा आणला. आमच्यावर डॅशबोर्डच्या पुढे आलेल्या कडेची सावली पडते, भर दुपारीही आमचे आकडे अंधुक दिसतात. काकांनी स्वतः डॅशबोर्डच्या खाली डोके घालून, घामाघूम होऊन तो दिवा बसवला. त्याचा उजेड बरोबर माझ्या टोकावर पडत होता. एवढा मान माझ्या जातीतल्या कुणाला मिळाला नसेल, असे मला वाटले.

त्या उजेडात मला एक दिसू लागले. मागचा ट्रक भोंगा वाजवून वाजवून थकला, तरी काका त्याला वाट देत नव्हते. मग आरशात त्यांचे लक्ष जाई आणि ते दचकून बाजूला होत. ग्रंथपालबाई रस्ताभर गोष्टी सांगत, आणि काका मान डोलवत, पण नको तिथे. गाडी चढाला लागली की ते डावा तळहात माझ्या शेजारी डॅशबोर्डवर टेकवून ठेवत. इंजिनाची थरथर ते हाताने चाचपत होते. तेव्हा माझ्या लक्षात आले. कानसेन काकांना ऐकू येईनासे झाले होते.

त्यांनी हे कुणाला सांगितले नव्हते. घरी काकूंना सांगितले होते का, ते मला ठाऊक नाही, मी गाडीबाहेर कधी पडलोच नव्हतो. पण वाचनालयात नाही, गॅरेजात नाही, बाईंनाही नाही. ज्या माणसाला सगळे गाव कानावरून ओळखते, त्याने ते सांगायचे तरी कसे? इतक्या मोठ्या इंजिनाला समजून घ्यायला त्यांच्यापाशी आता एक तळहात होता आणि एक मी. माझा सगळा तोरा उतरला. मला दडपण आले, आणि मित्रांनो, खरे सांगतो, थोडा अभिमानही वाटला.

आणि नेमका तेव्हाच मी बिघडलो.

दिवा बसवून दोन-तीन आठवडे झाले असतील. सपाट रस्ता होता, हवा गार होती. अचानक माझ्या अंगातून नेहमीपेक्षा जास्त वीज वाहू लागली. मी जोर लावला, अडून पाहिले, पण पट्टी वाकतच गेली आणि मी तांबड्या रेघेवर जाऊन पडलो. काकांनी गाडी थांबवली, बॉनेट उघडले, फडके धरून रेडिएटरला हात लावला. तो जेमतेम कोमट होता. पाणी काठोकाठ होते. गाडी पुन्हा सुरू केली, आणि मी पुन्हा तांबड्यावर! माझा भाऊही त्याच वेळी वर सरकला होता, पण त्याची तक्रार कोण करणार? टाकी जास्त भरलेली दिसली तर सगळ्यांना बरेच वाटते.

मग हे रोजचेच झाले. कधी मी खरा, कधी खोटा. काकांना शंका होती की दोष माझाच आहे, पण शंकेवर ते गाडी हाकत नसत. दर वेळी थांबत, उतरत, हात लावून बघत आणि मगच पुढे निघत. एका फेरीत चार-चार वेळा. शाळांमध्ये आम्ही उशिरा पोहोचू लागलो. एका शाळेत तर घंटा होऊन गेली होती आणि फाटकावर दोनच मुली उरल्या होत्या, परत करायची पुस्तके हातात घेऊन. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

काकांनी मिस्त्रीला सांगितले, "हा काटा बघ रे जरा."

मिस्त्री हसला. "काका, काट्याचं काय घेऊन बसलात? तुमच्याकडे कान आहे की! काटा आमच्यासारख्यांना लागतो."

गॅरेजातले सगळे हसले. काकाही हसले. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाला, की या गाडीचे मीटर आता बाजारात मिळत नाही. तिसऱ्यांदा त्याला वाटले काका थट्टाच करताहेत. वर त्याने त्यांना दुसरीच एक गाडी ऐकायला उभे केले. काकांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि काहीतरी गुळमुळीत बोलून ते परत आले. सीटवर बसल्यावर त्यांनी माझी काच पुन्हा एकदा पुसली.

उशिराच्या तक्रारी वाचनालयाच्या चिटणिसांपर्यंत गेल्या. ते एका सकाळी काकांच्या खिडकीपाशी आले. इंजिन चालू होते. माणूस वाईट नव्हता, पण घाईत असायचा.

"काका, गाडी रोज तापते म्हणतात. म्हातारी झाली ती. महिनाअखेर बंद करू या. शाळांना स्वतः येऊन पुस्तकं न्यायला सांगू." मग त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तुमचा शब्द शेवटचा. आत्ता ऐका आणि सांगा. तुमचा कान म्हणाला इंजिन ठणठणीत आहे, तर मी कुणाचं ऐकणार नाही."

डोंगरातली पोरे खाली येऊन पुस्तके कशी नेणार होती? गाडी बंद म्हणजे पुस्तके बंद, हे काकांना माहीत होते. नुसते 'ठीक आहे' म्हटले की गाडी वाचत होती. इंजिन ठीकच असणार, असे त्यांना मनातून वाटतही होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तांबड्या रेघेवर पडून होतो. त्यांनी तळहात टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

"आज नाही सांगता येणार मला," ते म्हणाले.

 कानसेन काकांनाही इंजिनाचा भरवसा वाटत नाही, असा चिटणिसांनी अर्थ काढला. "मग झालंच तर," म्हणत ते निघून गेले. काकांनी इंजिन बंद केले. एका खोट्या शब्दाने गाडी वाचत होती आणि अब्रूही, पण मागच्या बाकांवर पोरे बसणार होती, म्हणून तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. इतका मोठा माणूस मी इतक्या जवळून पाहत होतो!

महिना संपायला नऊ दिवस उरले होते. त्या दिवशी ग्रंथपालबाई नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. बाजूच्या सीटवरून आम्हा दोघा भावांकडे टक लावून बघत होत्या. अचानक त्यांनी काकांच्या दंडाला हात लावला आणि गाडी थांबवायला लावली.

"काका, डिझेल कधी भरलंत?"

"परवा. का हो?"

"मग टाकी अजून इतकी भरलेली कशी? आणि बघा, हा वर गेला की तोही जातो. दोघं अगदी बरोबरीनं. दोन पुस्तकं एकदमच चुकीच्या फळीवर सापडली ना, तर चूक पुस्तकांची नसते, लावणाऱ्याची असते. या दोघांच्या मागे कोण आहे?"

या प्रश्नाचे उत्तर मिस्त्रीकडे नव्हते. बाईंच्या ओळखीच्या एक मीटरवाल्या मावशी होत्या. घड्याळे, वजनकाटे, विजेची मीटरे, जे काही काचेआड हलते ते सगळे त्या दुरुस्त करत. शिंप्याच्या दुकानामागची त्यांची खोली अरुंद होती. टेबलावर जाड कापड पसरलेले, आणि बरण्यांच्या झाकणांत तांदळाच्या कणीएवढे स्क्रू. मावशींनी कपाळावरचे भिंग डोळ्यावर ओढले, गाडीत शिरून चार स्क्रू काढले, आणि गाडीत बसवल्यापासून पहिल्यांदा मी बाहेर आलो.

मित्रांनो, मावशी मला हातात धरून बॉनेटपाशी गेल्या, तेव्हा मी इंजिन पाहिले! ज्याच्याबद्दल मी इतकी वर्षे बोलत आलो होतो, ते मला कधी दिसलेच नव्हते. केवढे थोरले ते! त्या नळ्या, तो पंखा, ते तेलाने काळे पडलेले अंग. आणि त्याच्या कडेला, पाण्याच्या वाटेत, अंगठ्याएवढा एक पितळी तुकडा बसलेला होता. त्याला सेन्सर म्हणतात. गरम पाण्यात बुडून राहायचे आणि एका तारेवरून मला निरोप पाठवायचा, हे त्याचे आयुष्य. माझा प्रत्येक शब्द मुळात त्याचा होता, आणि मी त्याचा चेहराही पाहिला नव्हता.

मावशींनी त्यालाही काढले. खोलीत शेगडीवर पातेले ठेवले, त्यात पाणी ओतले, सेन्सर पाण्यात सोडला, शेजारी काचेचा तापमापक बुडवला, आणि एका तारेने तो मला जोडला. मला वीजही त्यांनी टेबलावरच्या आपल्या पेटीतून मोजून दिली. आम्ही दोघे समोरासमोर! पाणी तापू लागले. मावशी आकडे मोठ्याने म्हणू लागल्या. चाळीस. पन्नास. मी सावकाश सरकत होतो. बाई पुढे वाकल्या होत्या. काका पाण्याकडे बघत, मग माझ्याकडे बघत, मग पुन्हा पाण्याकडे. ऐंशीला मी बरोबर मध्यावर होतो. पाणी खळखळा उकळले तेव्हा मी तांबड्या रेघेला टेकलो, एक केसभरही मागेपुढे नाही.

"याला काही झालेलं नाही भाऊ," मावशी म्हणाल्या. "हा खरं तेच सांगतो."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्या टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरल्या. तिथे काडेपेटीएवढी एक पत्र्याची डबी असते. आम्हा दोघा भावांना वीज मोजून वाढायची, हे तिचे काम. ती एका स्क्रूने गाडीच्या पत्र्याला घट्ट टेकलेली असली तरच तिला मोजता येते. मावशींनी तो स्क्रू काढला. डबी आणि पत्रा यांच्या मध्ये एक रंगवलेली पट्टी अडकली होती. ती पट्टी दिव्याची होती. मावशींनी ती आणि डबी आणून खोलीतल्या टेबलावर ठेवल्या.

"हा दिवा कुणी बसवला?"

काका मावशींच्या ओठांकडे बघत होते. "मी."

"नवा स्क्रू लावायचा सोडून याच्याखालीच दाबलात. मध्ये रंग आला आणि डबीची टेक गेली. मग ती मोजायचं विसरली आणि दोघांना वाटेल तेवढं वाढत सुटली." मावशी हसल्या. "पण भाऊ, काट्यावर दिवा कशाला? तुमच्या कानाचं नाव तर मीसुद्धा ऐकून आहे."

मला बघता यावे म्हणून लावलेल्या दिव्यानेच मला खोटे पाडले होते!  काका पुन्हा हसून वेळ मारून नेतील, असे मला वाटले. खोलीत फक्त पाणी उकळत होते, आणि ते त्यांना ऐकू येत नव्हते.

"मला ऐकू येत नाही ताई," काका म्हणाले. "तीन वर्षं झाली. याच्याकडे बघून चालवतो."

हे वाक्य बोलायला त्यांना तीन वर्षे लागली होती. मोठमोठी ओझी उचलणारी माणसे मी काचेतून पाहिली आहेत, पण एवढे जड काही कुणी उचलून टेबलावर ठेवलेले मी पाहिले नव्हते.

ग्रंथपालबाई खुर्चीवर टेकल्या. "म्हणजे मी रस्ताभर गोष्टी सांगते, त्या..."

"थोड्याफार पोचतात," काका ओशाळून म्हणाले. "बाकीच्या चेहऱ्यावरून कळतात. छान सांगता तुम्ही."

बाईंना हसावे की रडावे ते कळेना. त्यांनी दोन्ही केले. मावशींनी मला आणि सेन्सरला गाडीत परत बसवले. त्यांनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, डबी तिच्या जागी कसून बसवली, आणि दिव्यासाठी दुसरीकडे वेगळा स्क्रू लावला. "दिवा राहू द्या," त्या काकांकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या. "चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच चिटणिसांना गाडीपाशी घेऊन आले. गाडी ठणठणीत आहे, बिघाड आपल्याच हातून झाला आणि तो का झाला, हे सगळे त्यांनी सरळ सांगून टाकले. शेवटी किल्ली पुढे केली. "गाडी बंद करू नका साहेब. चालवायला दुसरा माणूस बघा हवं तर."

चिटणिसांनी किल्ली घेतली नाही. "मग तीन वर्षं गाडी चालवलीत कशी?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवले. चिटणीस खिडकीतून आत वाकले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. एवढा वेळ त्यांनी कशाकडेच पाहिले नसेल. "तपासून घेऊ या," ते म्हणाले. "तुम्हालाही आणि गाडीलाही. मग ठरवू."

दोघांची तपासणी झाली. काकांना कानाचे यंत्र मिळाले. त्याने माणसांचे बोलणे बरेचसे कळते, इंजिनाचा मात्र नुसता गोंगाट होतो. परवाना देणाऱ्या साहेबांनी दोन जादा मोठे आरसे लावायला सांगितले, आणि सगळे काटे बिनचूक चालले पाहिजेत असे कागदावर लिहून दिले. महिनाअखेर उलटून गेली आणि गाडी पुन्हा डोंगराला निघाली.

त्या पहिल्याच फेरीत, तिसऱ्या वळणावर, पितळी सोबत्याचा निरोप आला. मी मध्यावरून एक रेघभर सरकलो, मग दुसरी. काकांनी लगेच गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडले तर पाण्याच्या नळीला बारीकशी चीर गेली होती आणि थेंब थेंब गळत होते. आणखी थोडे चढलो असतो तर इंजिन कायमचे गेले असते. काकांनी नळी बांधली, पाणी भरले.

ग्रंथपालबाई खाली उतरून बघत होत्या. "कमाल आहे काका! मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"मलाही नाही," काका म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते इतके हसले, इतके हसले, की बाईंना पायरीवर बसावे लागले. आपल्या कानांवर काका असे हसतील, हे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. माझे आकडे पिवळे पडले आहेत. तुमच्या घरात, शाळेत, गाडीत माझ्यासारखे कुणी जुने असेल, तर त्याची काच पुसा, आणि ते चुकले तर फेकण्याआधी त्याच्या मागे काय सैल झाले आहे ते बघा. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. एखादा माणूस तीन तीनदा येऊन 'हे एवढं नीट करून दे' म्हणाला, तर 'तुम्हाला कशाला लागतं?' म्हणून हसू नका. मिस्त्री वाईट नव्हता हो, त्याचे काकांवर प्रेमच होते. त्याने पहिल्याच दिवशी माझे चार स्क्रू काढले असते, तर फाटकावरच्या त्या दोन मुलींना थांबावे लागले नसते, आणि काकांना इतके दिवस एकट्याने माझ्याकडे बघत बसावे लागले नसते.